मागच्या अंगणातल्या तरणतलावाचं शेवाळ काही केल्या जात नाही

रानवारा

नमस्कार मंडळी. घरामागच्या तलावातल्या शेवाळाने अगदी जेरीस आणलंय, म्हणून हा धागा काढते आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

तलाव काँक्रीटचा आहे, आतून पांढरं प्लास्टर. लांबी १० मीटर, रुंदी ५ मीटर, खोली सरासरी १.४ मीटर. फिल्टर वाळूचा. घर घेतलं तेव्हा तलाव तयारच होता आणि आधीचे मालक तरंगत्या डब्यात क्लोरीनच्या मोठ्या गोळ्या ठेवायचे. तीच पद्धत आम्ही पुढे चालू ठेवली.

शॉक पावडर (एकदम भरपूर क्लोरीन देणारी) टाकली की पाणी दोन-चार दिवस छान निवळतं. मग सावलीकडच्या भिंतीवर पुन्हा हिरवट साय धरते, पायऱ्या बुळबुळीत होतात आणि बघता बघता सगळं पाणी एकदम हिरवं. शेवाळनाशकाच्या दोन वेगवेगळ्या बाटल्या झाल्या. पट्टी बुडवून बघितली तर क्लोरीन ३ दाखवते, म्हणजे ठीक. मग हे शेवाळ जगतं कशावर? सगळं पाणी काढून एकदा तळापासून घासून घ्यावं असं घरात चाललंय. करावं का?

ओलीमाती

तलाव पूर्ण रिकामा मुळीच करू नका. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण हे आधी वाचा. पाण्याचं वजन तलावाला खाली दाबून धरत असतं. ते काढलं आणि बाहेर जमिनीतलं पाणी वर असलं, तर अख्खा सांगाडा वर उचलला जातो. काँक्रीटचे तलाव तडकतात, फायबरचे तर सरळ वर येतात. पावसानंतर जमीन भिजलेली असताना हा धोका सगळ्यात जास्त. शिवाय रिकामं प्लास्टर उन्हात सुकून भेगाळतं ते वेगळंच. आणि एवढं करून नवं पाणी भरलंत की त्यातही शेवाळ येणारच, कारण ते वाऱ्याबरोबर, पानांबरोबर, पावसाबरोबर रोजच येत असतं.

तळ्यातमळ्यात

रानवारा, तुमच्या वर्णनातल्या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की उत्तर जवळजवळ मिळतंच. कित्येक वर्षं गोळ्या आणि क्लोरीन '३, म्हणजे ठीक'. तुमच्या पाण्यात सायन्युरिक ॲसिड किती आहे? डब्यावर ज्याला स्टॅबिलायझर लिहितात ते. पट्टीवर त्याचा चौकोन असला तरी त्यावर विसंबू नका, थेंबांचं चाचणी किट आणा.

आता कारण सांगतो, कारण हे कळल्याशिवाय पुढचं काहीच पटणार नाही.

क्लोरीन उघड्या पाण्यात उन्हाने फार लवकर मरतो. भर दुपारी दोनेक तासांत बहुतेक संपतो. म्हणून त्यात सायन्युरिक ॲसिड घालतात. ते क्लोरीनला धरून ठेवतं, ऊन लागू देत नाही. इथवर चांगलं. पण धरून ठेवलेला क्लोरीन शेवाळावर तुटूनही पडत नाही. जितकं हे ॲसिड जास्त, तितका मोकळा, मारक क्लोरीन कमी. आणि चाचणी मात्र धरलेला आणि मोकळा दोन्ही मिळून आकडा दाखवते. म्हणून पट्टी ३ म्हणते आणि शेवाळ सुखाने वाढतं.

गोळ्यांमध्ये (ट्रायक्लोर) हे ॲसिड अंगचंच असतं. गोळीने पाण्यात १० पीपीएम (म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम) क्लोरीन घातला की त्यासोबत साधारण ६ पीपीएम सायन्युरिक ॲसिड पडतं. तलावाला रोज २ पीपीएम क्लोरीन लागतो असं धरा, तर महिन्याला ३६ पीपीएमची भर. क्लोरीन खर्च होतो, हे होत नाही. पाणी वाफ होऊन उडतं तेव्हाही हे मागेच राहतं. फक्त पाणी बाहेर काढलं तरच कमी होतं.

शेवाळ येऊ नये म्हणून क्लोरीन किमान सायन्युरिक ॲसिडच्या साडेसात टक्के हवा. आलेलं शेवाळ मारायला सुमारे ४० टक्के. ॲसिड ४० असेल तर अनुक्रमे ३ आणि १६. ॲसिड १५० असेल तर ११ आणि ६०. साठ पीपीएम कोणी टिकवू शकत नाही. म्हणून आधी चाचणी, मग बाकी सगळं.

गाळीव

एवढं पाणी बदलायच्या आधी मोरचूद वापरून बघा की. शेतातल्या हौदाला, टाकीला लोक वर्षानुवर्षं वापरतात. शेवाळ हमखास मरतं.

तळ्यातमळ्यात

@गाळीव, शेवाळ मरतं हे खरंच आहे, तांबं त्याला सोसत नाही. पण ते तांबंही पाण्यातून जात नाही, प्रत्येक वेळी साठतच जातं. पीएच वर सरकला की प्लास्टरवर निळसर-हिरवे आणि काळपट डाग बसतात आणि ते काढणं शेवाळ काढण्यापेक्षा अवघड. फिकट केसांना जी हिरवी झाक येते तीही तांब्याचीच, लोक उगाच क्लोरीनला बोल लावतात. माझं मत स्पष्ट आहे: पोहायच्या पाण्यात मोरचूद नको. रानवारा, तुमच्या दोन बाटल्यांपैकी एखादी तांब्याची आहे का ते लेबलवर बघून घ्या. असली तर ती बाजूला ठेवा.

पाणकावळा

आमच्याकडे पाणी हिरवं आहे पण तळाचा स्क्रूसुद्धा स्वच्छ दिसतो. भिंती बुळबुळीत नाहीत. क्लोरीन टाकल्यावर हिरवं झालं. हेही शेवाळच का?

तळ्यातमळ्यात

नाही. हिरवं पण नितळ असेल तर ते धातू समजा, तांबं किंवा लोह. विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात लोह असतं आणि क्लोरीन पडला की रंग उमटतो. शेवाळाचं पाणी धूसर असतं, तळ दिसत नाही. तुम्ही आणखी क्लोरीन ओतू नका, पाण्यातल्या धातूंची चाचणी करून घ्या.

रानवारा

किट आणलं. सायन्युरिक ॲसिडची चाचणी ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगते: तलावाचं पाणी आणि द्रावण मिसळलं की दुधासारखं गढूळ होतं. तळाशी काळा ठिपका असलेल्या नळीत ते हळूहळू ओतायचं आणि वरून बघत राहायचं. ठिपका दिसेनासा होतो तिथला आकडा वाचायचा. माझ्या नळीत ठिपका १०० च्या खुणेच्याही बराच आधी गायब झाला.

तळ्यातमळ्यात

मग तलावाच्या पाण्यात तितकंच साधं नळाचं पाणी मिसळून पुन्हा करा आणि आलेला आकडा दुप्पट करा. नळी कमरेच्या उंचीवर धरा, ऊन पाठीमागून येऊ द्या, ठिपक्याकडे टक लावू नका. टक लावली की तो गेल्यावरही 'दिसतो'.

रानवारा

पातळ करून ७५ आला. म्हणजे १५०. ३ पीपीएम क्लोरीन म्हणजे १५० चे जेमतेम दोन टक्के. आता सगळं कोडं उलगडलं! तांब्याचंही तुमचं बरोबर निघालं, एका बाटलीवर कॉपर लिहिलेलं आहे.

आता पाणी किती काढू? आणि कसं?

ओलीमाती

१५० वरून ४० वर यायचं तर एका दमात ७३ टक्के पाणी काढावं लागेल. मी ते करणार नाही. अर्धं काढा, भरा, पंप चालवून नीट मिसळू द्या, पुन्हा अर्धं काढा. १५० चे ७५ आणि ७५ चे साडेसदतीस. पाणी थोडं जास्त लागतं, पण सांगाडा कधीच रिकामा पडत नाही. जमीन कोरडी असेल तेव्हाच करा.

पाणी पातळी स्किमरच्या (काठाशी वरचं पाणी आणि कचरा ओढून घेणाऱ्या खोबणीच्या) तोंडाखाली गेली की पंप हवा ओढतो, तेव्हा तलावाचा पंप बंद करून वेगळा पाणबुडी पंप लावा. काढलेलं पाणी ओढ्यात, तळ्यात सोडू नका. क्लोरीनने आणि तांब्याने मासे मरतात. आपल्या भागात ते कुठे सोडायला परवानगी आहे ते आधी विचारा.

कडूनिंब

वरच्या चर्चेत एक गोष्ट राहून जाते आहे आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तळ दिसत नाही तोवर तलावात कोणीही उतरायचं नाही. लहान मुलांना तर काठावरही सोडू नका. हिरव्या पाण्यात बुडालेलं मूल हातभर अंतरावर असलं तरी दिसत नाही. कुंपणाचं फाटक लावून घ्या आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

दुसरं रसायनांचं. गोळ्यांचा डबा आणि शॉक पावडरचा डबा (कॅल्शियम हायपोक्लोराइट) शेजारीसुद्धा ठेवू नका. एकातला चमचा दुसऱ्यात घालू नका, एकाच तरंगत्या डब्यात दोन्ही भरू नका. या दोन्हींचा संयोग पेट घेतो, स्फोटही होतो. क्लोरीन आणि पीएच उतरवायचं ॲसिड एकत्र आले की विषारी वायू निघतो. दोन्ही घालायचे असतील तर मध्ये चांगलं अंतर ठेवा, पंप चालू असू द्या. नेहमी पाण्यात रसायन टाका, रसायनावर पाणी नाही. चष्मा आणि हातमोजे घाला, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा. हे दर वेळी पाळायचं, घाईतही.

रानवारा

कडूनिंब, मनापासून आभार. फाटकाला कडी घातली आहे आणि गोळ्या वेगळ्या कपाटात हलवल्या.

तळ्यातमळ्यात

पाणी बदलून झालं आणि ॲसिड ४० च्या आसपास आलं असं धरून पुढचं लिहितो. तुमचा तलाव ७० हजार लिटरचा होतो (१० × ५ × १.४ = ७० घनमीटर).

क्लोरीन सुरू करण्याआधी पीएच ७.२ वर आणा. दोन कारणं. पीएच साडेसातला मोकळ्या क्लोरीनपैकी मारक रूपातला निम्मा असतो, आठला पाव भागाच्या आतबाहेर. आणि दुसरं म्हणजे क्लोरीन १० च्या वर गेला की पीएचची चाचणी खोटं सांगते, नेहमीपेक्षा जास्त दाखवते. मग लोक घाबरून पीएच उतरवायचं ॲसिड ओतत बसतात. म्हणून आधी पीएच लावून घ्यायचा आणि मोहीम संपेपर्यंत त्याच्याकडे बघायचंही नाही.

क्लोरीन द्रवरूप वापरा, सोडियम हायपोक्लोराइट. त्यातून ना सायन्युरिक ॲसिड वाढतं ना कॅल्शियम. १० टक्क्यांचं १ लिटर द्रावण १० हजार लिटर पाण्यात १० पीपीएम देतं, हे एकच गणित लक्षात ठेवा. तुम्हाला १६ पीपीएमसाठी सुमारे ११ लिटर लागतील आणि पुढे प्रत्येक पीपीएमला पाऊण लिटरपेक्षा थोडं कमी. ताजं घ्या, सावलीत ठेवा. उन्हात पडलेल्या कॅनमधलं द्रावण केव्हाच अर्धमेलं झालेलं असतं.

पंप रात्रंदिवस चालू. पाणी परत येणाऱ्या नळासमोर संथ धारेने ओता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. शॉक ही एकदा टाकून मोकळं व्हायची गोष्ट नाही, पातळी धरून ठेवायची गोष्ट आहे. तुमचं शेवाळ पुन्हा पुन्हा येतं ते यामुळेच. संध्याकाळी पावडर टाकली, पहाटेपर्यंत शेवाळाने ती खाल्ली, नव्वद टक्के शेवाळ मेलं, दहा टक्के उरलं आणि तेच पुन्हा वाढलं. सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी मोजा आणि जितका कमी झाला तितका घाला. पहिल्या दिवशी पातळी भराभर पडेल. पडू दे, पुन्हा १६ वर न्या. घसरण जशी मंदावेल तसं मोजणंही कमी करता येतं.

वाळूचाकण

मोजायला कोणतं किट? माझ्या किटमध्ये नळी गुलाबी होते. परवा शॉक टाकून मोजलं तर पाणी क्षणभर गुलाबी झालं आणि लगेच पांढरं. क्लोरीन शून्य!

तळ्यातमळ्यात

शून्य नाही, फार जास्त आहे! इतका क्लोरीन गुलाबी रंगालाच उडवून लावतो. क्षणभर रंग येऊन गेला ही त्याचीच खूण. रंग जुळवायची डीपीडी किटं साधारण ५ ते १० पीपीएमपर्यंतच कामाची. या कामासाठी थेंब मोजायचं किट घ्या, एफएएस-डीपीडी म्हणतात ते. पावडर टाकली की पाणी गर्द गुलाबी होतं, मग एकेक थेंब टाकत ते स्वच्छ होईपर्यंत मोजायचं. १० मिलीच्या नमुन्यात सहसा एक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम. त्याच नमुन्यात पुढचं द्रावण घालून संयुक्त क्लोरीनही (घाणीशी जोडला जाऊन निकामी झालेला) कळतो, तोही लागणार आहे. पिवळ्या रंगाची ओटीओ किटं एकूण क्लोरीन दाखवतात, या कामाला उपयोगाची नाहीत.

गाळीव

फॉस्फेट काढून टाकलं तर? शेवाळाचं खाद्यच बंद.

ओलीमाती

खाद्य आहे हे बरोबर. पण पानं, माती, धूळ यांतून ते रोज येतच राहतं. काढायचं रसायन टाकलं की पाणी गढूळ होतं, फिल्टर तुंबतो, आणि क्लोरीन पुरेसा नसेल तर शेवाळ उरलेल्या कणभर फॉस्फेटवरही तग धरतं. क्लोरीन पुरेसा असेल तर खाद्य कितीही असो, खायला कोणी जिवंत उरत नाही. मी त्या वाटेला जात नाही.

रानवारा

सुरुवात केली! पाणी बदलून ॲसिड ४० वर आलं. पहिल्या संध्याकाळी १६ वर नेलं आणि तासाभरात हिरवा रंग राखाडी झाला. सकाळी क्लोरीन पार खाली. तुम्ही सांगितलं होतं म्हणून धीर सुटला नाही. आता पाणी दुधी-राखाडी आहे, पहिल्या पायरीच्या खाली काही दिसत नाही. फिल्टरचा दाबही वाढला. तुरटी टाकून गाळ खाली बसवू का?

तळ्यातमळ्यात

राखाडी म्हणजे शेवाळ मरतंय. उत्तम चाललंय.

तुरटीची घाई नको. तुरटी शेवाळ मारत नाही, फक्त कण एकत्र करून तळाशी बसवते. जिवंत शेवाळ असताना टाकली तर तळाला बसलेल्या गाळात ते सुरक्षित राहतं आणि क्लोरीनला पोचताच येत नाही. शिवाय तुरटी टाकल्यावर पंप थांबवावा लागतो आणि आपल्याला तर तो अखंड चालायला हवा. पुढे कधी वापरलीच तर बसलेला गाळ फिल्टरमधून न्यायचा नाही, झडप 'वेस्ट'वर ठेवून थेट बाहेर ओढायचा. कार्ट्रिज फिल्टरवाल्यांकडे बहुधा ही सोयच नसते, त्यांनी तुरटीच्या नादी लागू नये.

आता सगळा भार तुमच्या फिल्टरवर आहे. स्वच्छ असतानाचा दाब काय होता? त्यापेक्षा पाव पट वाढला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुणं. आधी नाही! वाळू थोडी मळलेली असते तेव्हाच बारीक कण चांगले अडवते, सारखं धुतलं तर दुधी पाणी तसंच राहतं. आणि झडपेचा दांडा फिरवण्याआधी पंप बंद करायचाच, नाहीतर आतलं रबर फाटतं.

वाळूचाकण

माझा अनुभव: दाब वाढतच नव्हता आणि पाणीही निवळत नव्हतं. फिल्टर उघडला तर वाळूच्या मधोमध बोगदा पडलेला, कडेला तेलकट मातीचे गोळे. पाणी त्या बोगद्यातून न गाळताच पार होत होतं. वाळू बदलली नाही. वरून बागेचा पाइप खोलवर खुपसून पाणी सोडत राहिलो, घाण वर तरंगून काठावरून वाहू दिली, खाली येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. खालच्या फांद्यांसारख्या नळ्या नाजूक असतात, पाइप तिथवर जोरात खुपसू नये. दोन दिवसांत फरक दिसला. वाळू चांगली असेल तर वर्षानुवर्षं टिकते, दरवर्षी बदलायची गरज नाही.

पाणकावळा

घासायचं कशाने? आमचा विनाइलचा आहे.

ओलीमाती

विनाइल आणि फायबरला नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश फक्त प्लास्टर-काँक्रीटला, नाहीतर विनाइल फाटेल. रोज घासा, दिसत नसलं तरी घासा. शेवाळाच्या थराला वरून चिकट आवरण असतं, ते फुटल्याशिवाय आतल्या पेशींपर्यंत क्लोरीन जात नाही. पायऱ्यांचे कोपरे, टाइल्सच्या मधल्या फटी, पाणी जिथे फिरत नाही असे कोनाडे इथेच ते दडून बसतं.

रानवारा

पाणी निवळलं, तळाची जाळी दिसते आहे. पण रात्रीत क्लोरीन अजून तीनेक पीपीएम पडतो. दिवसा ठीक, रात्री का?

तळ्यातमळ्यात

रात्री ऊन नसतं. म्हणजे रात्री जो क्लोरीन जातो तो कोणीतरी खातं आहे. कुठेतरी जिवंत शेवाळ आहे. दिव्याच्या मागे बघितलंत?

कडूनिंब

मेन स्विच बंद करूनच दिव्याला हात लावा.

रानवारा

मेन बंद करून दिवा काढला. वायर लांब असते, त्यामुळे दिवा काठावर घेता आला. मागच्या खोबणीत बोटभर जाडीचा हिरवा लगदा! वायरीच्या वेटोळ्यांत गुंतलेला, वास दलदलीसारखा. बाहेरून दिव्याची काच चकचकीत होती. शिडीचे पाइप पोकळ आहेत, त्यांच्या टोकाची रबरी बुचं काढली तर आतूनही तेच. स्किमरच्या तोंडाशी वर-खाली होणारी झडप असते, तिची मागची बाजू आणि बिजागरीची फट हिरवीगार. सगळं जुन्या दातांच्या ब्रशने घासलं, खोबणीत क्लोरीनचं पाणी फिरवलं. ब्रश आणि सफाईचा पाइप पूर्ण वेळ तलावातच पडू दिला. रबरी खेळणीही त्याच पाण्यात.

तळ्यातमळ्यात

झकास! आता रात्रीची चाचणी करा. ऊन उतरल्यावर मोजा, काही घालू नका, पहाटे ऊन पडायच्या आत पुन्हा मोजा. तीन गोष्टी एकाच वेळी जुळायला हव्यात: रात्रीत घट १ पीपीएम किंवा कमी, संयुक्त क्लोरीन ०.५ किंवा कमी, आणि पाणी नितळ. दोन जुळल्या म्हणून थांबायचं नाही. बहुतेक लोक पाणी निळं दिसलं की थांबतात आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

नवीनपाऊस

धागा पूर्ण वाचला. माझी अडचण जरा वेगळी आहे. तलाव काही महिने बंद होता. क्लोरीन टाकला की दहा मिनिटांत शून्य. पुन्हा टाकला, पुन्हा शून्य. सायन्युरिक ॲसिड आधी ५० होतं, आता चाचणीत काहीच येत नाही.

तळ्यातमळ्यात

बंद तलावात क्लोरीन संपला की काही जिवाणू सायन्युरिक ॲसिड मोडून त्याचा अमोनिया करतात. अमोनिया क्लोरीनला क्षणात गिळतो. थोडं थोडं घालत राहा, दहा-दहा मिनिटांनी मोजा. जोवर दहा मिनिटांनंतर निम्म्याहून जास्त टिकत नाही तोवर शॉकची पातळी धरायचा आग्रह नको. एकदा टिकायला लागला की अमोनिया संपला. मग सायन्युरिक ३० वर आणा आणि रानवारांनी केलं तसंच सुरू करा. अमोनिया फारच असेल तर काही पाणी बदलणं जास्त सोपं पडतं.

वाळूचाकण

काळ्या ठिपक्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. प्लास्टरवर बोटाच्या पेराएवढे काळे ठिपके आहेत, हाताला खरखरीत, ब्रशने जात नाहीत.

ओलीमाती

ते सगळ्यात चिवट. नाव काळं शेवाळ असलं तरी खरं तर ते सायनोबॅक्टेरिया. प्लास्टरच्या छिद्रांत खोल रुतून बसतात आणि वर कडक टोपी असते. तारेच्या ब्रशने टोपी फोडायची, लगेच क्लोरीनची गोळी हातमोजे घालून त्या ठिपक्यावर घासायची (फक्त प्लास्टरवर), आणि सायन्युरिकच्या ४० टक्क्यांची पातळी धरून ठेवायची. पुन्हा पुन्हा करावं लागतं.

पण आधी तो ठिपका शेवाळच आहे का ते तपासा. जीवनसत्त्व क ची गोळी त्यावर काही वेळ दाबून धरा. फिका पडला तर लोखंडाचा डाग. क्लोरीनच्या गोळीने फिका पडला तर सेंद्रिय.

पाणकावळा

आणि पिवळसर पूड? सावलीकडच्या भिंतीला बसते, ब्रश लावला की धुरासारखी उडते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच.

ओलीमाती

पिवळं शेवाळ. परागकण असते तर पाण्यावर तरंगले असते, काठाच्या रेषेला जमले असते. याला क्लोरीनचा दट्ट्या जास्त लागतो. नेहमीची मोहीम तिन्ही कसोट्यांवर पूर्ण उतरली की शेवटी एक दिवस-रात्र पातळी सायन्युरिकच्या ६० टक्क्यांच्या आसपास न्या. पोहायचे कपडे, पाइप, खेळणी सगळं त्याच वेळी धुऊन काढा. एका ओल्या रबरी चेंडूवरूनही ते परत येतं.

रानवारा

कळवायला आनंद होतो, तिन्ही कसोट्या जुळल्या. रात्रीत घट अर्धा पीपीएम, संयुक्त क्लोरीन जवळपास नाहीच, आणि खोल बाजूच्या तळाच्या जाळीवरचे स्क्रू काठावरून मोजता येतात. तळ्यातमळ्यात, ओलीमाती, कडूनिंब, सगळ्यांचे खूप खूप आभार.

आता रोजचं काय ठेवू? गोळ्या पुन्हा नकोतच ना? आणि मुलांना कधी उतरवू?

तळ्यातमळ्यात

अभिनंदन! क्लोरीन आपोआप खाली येऊ द्या. डब्यावर पोहण्यासाठी जी मर्यादा लिहिलेली असते तिच्या आत आला, पीएच पुन्हा मोजून ७.२ ते ७.८ मध्ये असला की मुलं उतरू देत.

सायन्युरिक ४० असताना क्लोरीन ३ च्या खाली एक दिवसही जाऊ देऊ नका. रोज संध्याकाळी द्रवरूप क्लोरीन घाला म्हणजे रात्रभर उन्हाशिवाय काम करतो. सकाळी ५ पीपीएमच्या आसपास राहील असं बघा. रोज मोजा, आठवड्यातून एकदा घासा, महिन्यातून एकदा सायन्युरिक. गोळ्या बाहेरगावी जाताना आठवडाभरासाठी चालतील. फक्त स्किमरमध्ये ठेवून पंप बंद करू नका, साचलेलं आम्लयुक्त पाणी पुढे पंप आणि हीटर खातं. तरंगत्या डब्यात ठेवा आणि परतल्यावर काढून टाका.

नवीनपाऊस

मिठाच्या पाण्यावर चालणारं क्लोरीन यंत्र बसवलं तर हे रोजचं ओतणं टळेल का?

तळ्यातमळ्यात

टळेल, आणि सायन्युरिकही वाढत नाही. पण ते यंत्र रोजच्यापुरता क्लोरीन करतं. शेवाळ आलेलं असताना त्याच्या भरवशावर राहू नका, तेवढा वेग त्याला नसतो. तेव्हा यंत्र बंद करून हातानेच द्रवरूप क्लोरीन घालायचा. मिठाच्या तलावात पीएच सारखा वर सरकतो, त्यामुळे ॲसिडची बाटली जवळ असू द्या. सायन्युरिक मात्र यंत्राच्या पुस्तिकेत दिलंय तितकं ठेवा, बहुतेक ७० च्या आसपास सांगतात, आणि किमान क्लोरीन त्याच हिशेबाने वाढवा.

नवीनपाऊस

कळलं. आधी अमोनिया संपवते, मग यंत्राचं बघते. रोजचे आकडे इथेच टाकत जाईन.